मुलाबाळांसह मॅनटी बघायला फ्लोरिडात: तंबू, कयाक आणि नेहमी विचारले जाणारे प्रश्न

थंडी पडायला लागली की ओळखीच्या घरांतून फोन सुरू होतात. "मुलांना मॅनटी दाखवायच्यात. कुठे जाऊ, काय काय नेऊ?" अटलांटा असो, टँपा असो की ऑर्लँडो, प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची सविस्तर लिहून ठेवली आहेत. आमचा मुक्काम बहुतेक वेळा ओकालाजवळच्या सिल्व्हर स्प्रिंग्ज स्टेट पार्कात असतो. तिथून एक दिवस ब्लू स्प्रिंग आणि एक दिवस क्रिस्टल रिव्हर. खालची माहिती त्याच पट्ट्यातली आहे. वेळा, शुल्क आणि बंदीचे नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी त्या त्या पार्कच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाका.

मॅनटी म्हणजे नक्की कसला प्राणी?

आयुष्यभर पाण्यात राहणारा, शाकाहारी सस्तन प्राणी. पूर्ण वाढलेली मॅनटी साधारण १० फूट लांब आणि ४५० किलोच्या घरातली असते. काही त्याहून बऱ्याच मोठ्या होतात. दिसायला सीलसारखी वाटली तरी सीलशी किंवा देवमाशाशी तिचं जवळचं नातं नाही. जमिनीवरचा तिचा जवळचा नातेवाईक म्हणजे हत्ती. पुढच्या वल्ह्यासारख्या हातांच्या टोकाला तीन-चार नखं असतात, ती मुलांना आवर्जून दाखवा. दातांची गंमत तर आणखी वेगळी आहे. वाळूमिश्रित गवत चावून पुढच्या दाढा झिजतात आणि पडतात, मागच्या हळूहळू पुढे सरकतात आणि मागे नव्या येतात. हे जन्मभर चालू राहतं. रोज आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत पाला खाणाऱ्या प्राण्याला असे दात लागणारच.

पिल्लू सहसा एकच होतं, तेही तेरा-एक महिन्यांच्या गर्भारपणानंतर, आणि पुढे वर्ष-दोन वर्षं आईला चिकटून असतं. दूध आईच्या बगलेत असतं. पिल्लू आईच्या हाताखाली तोंड खुपसून बसलेलं दिसलं तर ते दूध पितंय असं समजा.

कधी जावं?

नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत. त्यातही जानेवारी आणि फेब्रुवारीचा पूर्वार्ध सगळ्यात चांगला.

कारण समजून घेतलं तर तारीख ठरवणं सोपं जातं. मॅनटीचं शरीर गुबगुबीत दिसलं तरी अंगावर देवमाशासारखा चरबीचा जाड थर नसतो आणि चयापचय मंद असतो. पाणी २० अंश सेल्सिअसच्या खाली फार दिवस राहिलं तर तिला थंडी बाधते, त्यातून आजारपण येतं आणि ती दगावूही शकते. हिवाळ्यात समुद्र आणि नद्या गार पडतात, पण जमिनीतून उसळणाऱ्या झऱ्यांचं पाणी बाराही महिने २२-२३ अंशांवर असतं. म्हणून सगळ्या मॅनटी झऱ्यांकडे येतात. थंडी जितकी कडक तितकी झऱ्यावर दाटी जास्त. ब्लू स्प्रिंगला २०२४ च्या जानेवारीत एका सकाळी ९३२ मॅनटी मोजल्या गेल्या होत्या, एका छोट्याशा झऱ्याच्या ओढ्यात!

तेव्हा हवामानाचा अंदाज बघा आणि थंडीची लाट येऊन गेल्यावरची सकाळ गाठा. सकाळच का? तर ओढ्यात खायला फारसं काही नसतं. रात्रभर त्या उबेत पडून राहतात आणि ऊन वर आलं की चरायला नदीत निघून जातात. उबदार दिवशी दुपारी बाराला पोचलात तर मोकळं निळं पाणी दिसेल. तेही सुंदरच असतं, पण मुलांची निराशा होईल.

तीन ठिकाणांपैकी एकच जमणार असेल तर कुठलं?

मुलं लहान असतील तर ब्लू स्प्रिंग. यात आमच्या मनात शंका नाही.

ऑरेंज सिटी गावाजवळ, सेंट जॉन्स नदीच्या काठी हा झरा आहे. दररोज सुमारे १० कोटी गॅलन पाणी बाहेर टाकतो. १९७२ मध्ये इथे स्टेट पार्क झालं ते मॅनटींच्या रक्षणासाठीच. मॅनटींच्या मोसमात ओढ्यात पोहणं, होडी, सगळं बंद असतं आणि काठाने लाकडी पायवाट आहे. तिच्या कठड्याला टेकून खाली बघायचं. पाणी काचेसारखं नितळ. आपल्या पायाखालून आई आणि पिल्लू जोडीने जातात आणि त्यांना आपला काडीचाही त्रास नसतो. पार्क सकाळी ८ ला उघडतं. थंडीतल्या शनिवार-रविवारी वाहनतळ भरला की फाटक बंद करतात, आणि तो सकाळीच भरतो. आठच्या आधी रांगेत असा.

क्रिस्टल रिव्हर पश्चिम किनाऱ्यावर. तिथल्या किंग्ज बे या खाडीत झरेच झरे आहेत. १९८३ मध्ये खास मॅनटींसाठी तिथे राष्ट्रीय अभयारण्य स्थापन झालं. इथे कयाक चालवता येते आणि नियम पाळून पाण्यातही उतरता येतं. मोठ्या मुलांना हे आवडतं. मात्र पर्यटकांच्या होड्या खूप.

आमच्या मुक्कामाच्या सिल्व्हर स्प्रिंग्ज पार्कातली सिल्व्हर नदी कयाकसाठी तिन्हींत सुंदर. मॅनटी तुलनेने कमी, कारण खालच्या अंगाला ओक्लावाहा नदीवर १९६८ मध्ये पुरं झालेलं धरण आहे आणि त्यांना वर यायला तिथून वाट काढावी लागते. तरी हिवाळ्यात येतात. एखादी एकटीच, शांत पाण्यात, आजूबाजूला दुसरी होडी नसताना दिसते. ते बघणं वेगळंच.

टँपात राहणाऱ्यांनी अपोलो बीचच्या वीजकेंद्राशेजारचं मॅनटी दर्शन केंद्रही लक्षात ठेवावं. केंद्रातून बाहेर पडणाऱ्या कोमट पाण्यात त्या येतात. प्रवेश फुकट, दोन तासांत होऊन जातं.

कयाकमधून मॅनटीच्या किती जवळ जाता येतं?

आपण जवळ जायचं नाही. आपण थांबायचं, यायचं असेल तर ती येईल. सगळ्या सहलीत मुलांना एवढी एक गोष्ट पक्की शिकवा.

नियम असे आहेत. ब्लू स्प्रिंगचा ओढा मोसमात होड्यांना बंद. क्रिस्टल रिव्हरमधल्या थ्री सिस्टर्स झऱ्यांत १५ नोव्हेंबर ते ३१ मार्च कयाक नेता येत नाही, आणि फार थंडी असेल तेव्हा पोहणाऱ्यांनाही आत सोडत नाहीत. किंग्ज बेमध्ये दोर आणि तरंगत्या खुणा लावून विश्रांतीच्या जागा राखलेल्या आहेत. त्या रेषेच्या आत माणसाने जायचंच नाही, वल्ह्याचं टोकही नाही. मॅनटी मात्र मनाला येईल तेव्हा रेषेबाहेर येतात.

राखीव जागेपासून बरंच अंतर ठेवून, मोटरबोटींच्या वाटेतून बाजूला, वल्हं मांडीवर आडवं घेऊन बसा. बोलणं बंद. पाण्याकडे बघा. गुळगुळीत, थाळीएवढे गोल एकामागोमाग उमटताना दिसले तर ते तिच्या शेपटीने उमटवलेले ठसे. ती पाण्याखालून चालली आहे आणि कुठे चालली आहे तेही त्या ठशांवरून कळतं. मग थोडं पुढे पाणी फुटतं आणि "फूस्स" असा मोठा श्वास ऐकू येतो. आवाजाने पहिल्यांदा सगळेच दचकतात. दोन नाकपुड्या उघडतात, श्वास आत जातो आणि झाकण लावल्यासारख्या घट्ट मिटतात. ओठांवरचे राठ केस, पाठीवरचं हिरवट शेवाळ, त्यात अडकलेलं एखादं पान, एवढं सगळं वल्ह्याच्या अंतरावरून दिसू शकतं. पोहताना दर तीन ते पाच मिनिटांनी ती श्वासाला वर येते. तळाशी झोपली असेल तर पंधरा-वीस मिनिटंही खाली राहते. म्हणजे एकदा बुडली म्हणून लगेच वल्हं मारायला घ्यायचं नाही.

आपल्या पुढ्यात आली तर वल्हं उचलून धरा आणि होडी वाहू द्या. मागे जाऊ नका, घेरू नका, आई-पिल्लाच्या मधे येऊ नका. सात-आठ मॅनटी एकत्र पाणी ढवळताना दिसल्या तर ती बहुधा एका मादीमागे लागलेली नरांची झुंड असते. त्यापासून लांबच राहा.

मॅनटीने कयाक उलटवली तर?

मुद्दाम ती काही करत नाही. पण दचकली की शेपटी जोरात मारून पळते आणि ती नेमकी तुमच्या होडीखाली असेल तर होडी डगमगते, क्वचित उलटतेही. म्हणून तर तिच्यावरून जायचं नाही. खाली दिसलीच तर मध्यभागी खाली बसून राहा, काठावर कुणी ओणवू नका. आणि ओरडायचं नाही, ही सूचना मुलांच्या आधी बाबांना द्या.

आम्ही कयाक कधीच चालवलेली नाही. जमेल?

जमेल. सिल्व्हर नदीचा प्रवाह संथ आहे. लाटा नाहीत, खडक नाहीत, होड्याही तिथेच भाड्याने मिळतात. मात्र झऱ्यापासून निघालात की जाताना प्रवाहाबरोबर आणि येताना प्रवाहाविरुद्ध. जाताना इतकं सोपं वाटतं की माणसं लांबवर जातात आणि परतताना मुलांचे आणि स्वतःचे हात गळून जातात. हातात तीन तास असतील तर पहिल्या तासानंतर मागे वळा. काचेच्या तळाच्या जुन्या प्रसिद्ध होड्या मुख्य झऱ्याजवळ फिरत असतात, त्यांना वाट द्या.

आठ वर्षांखालचं मूल मोठ्यांबरोबर दोघांच्या कयाकमध्ये, पुढच्या बाजूला. चौघांचं कुटुंब असेल तर दोन दुहेरी कयाक. एकट्याची होडी मुलाला देण्याची घाई नको. जीनची पँट नको, भिजली की वाळत नाही आणि अंग गारठतं. प्रत्येकाचा एक कोरडा जोड पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. पोलराइज्ड गॉगल असला तर पाण्यावरची चकाकी जाते आणि तळ दिसतो. एकच जास्तीची वस्तू विकत घेणार असाल तर ती हीच घ्या.

लाइफ जॅकेट सगळ्यांना सक्तीचं आहे का?

फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे कयाकमध्ये प्रत्येकासाठी एक जॅकेट असायला हवं आणि सहा वर्षांखालच्या मुलांनी ते अंगात घातलेलंच हवं. आमच्या गटात आजोबांपासून सगळे घालतात. बक्कल लावल्याशिवाय होडी काठापासून सुटत नाही. मुलाच्या जॅकेटचे खांद्याचे पट्टे धरून वर ओढून बघा. हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे, दुसरं मागा. जॅकेटला शिट्टी बांधा.

आणि मगरी?

आहेत. ॲलिगेटर सिल्व्हर नदीत हमखास दिसतात, ऊन खात ओंडक्यावर पडलेले. थंडीत सुस्त असतात. अंतर ठेवून पुढे गेलात तर ते जागचे हलतही नाहीत. पाण्यात हात-पाय सोडून बसायचं नाही, खायला टाकायचं नाही, कुत्रा काठाशी न्यायचा नाही. या नदीत पोहायला मनाई आहे, ती पाळा.

सिल्व्हर नदीकाठी माकडंही आहेत! उत्तर भारतात दिसतात ती रीसस माकडं. १९३०च्या दशकात पर्यटक खेचायला कुणीतरी आणून सोडली आणि ती वाढली. त्यांच्यात माणसाला घातक ठरू शकणारा विषाणू आढळला आहे. गंमत वाटली तरी केळं दाखवू नका.

क्रिस्टल रिव्हरला पाण्यात उतरावं का?

मूल तोंड पाण्यात घालून स्नॉर्कलने शांतपणे श्वास घेऊ शकत असेल तर उतरा. घाबरून हातपाय मारणारं असेल तर होडीतूनच बघू द्या, पुढच्या वर्षी बघता येईल. २२ अंशांचं पाणी ऐकायला उबदार वाटतं, पण अर्ध्या तासात दात वाजतात. वेटसूट घ्याच. तो अंगाला तरंगतंही ठेवतो, त्यामुळे पाय मारावे लागत नाहीत आणि तळ ढवळला जात नाही. वाटाड्या निवडताना "हात लावायला मिळेल" अशी जाहिरात करणाऱ्यापेक्षा "शांत तरंगा" सांगणाऱ्याकडे जा.

हात लावला, पाणी पाजलं, कोबी-लेट्यूस टाकलं तर काय बिघडतं?

कायदा मोडतो. १९७२ चा सागरी सस्तन प्राण्यांचा कायदा, १९७३ चा संकटग्रस्त प्रजातींचा कायदा आणि फ्लोरिडाचा १९७८ चा मॅनटी कायदा, तिन्ही लागू आहेत. केंद्रीय कायद्यात ५० हजार डॉलरपर्यंत दंड आणि वर्षभरापर्यंत कैद आहे. दंड राहू द्या, पण माणसाच्या हातून खायला-प्यायला मिळतं हे कळलेली मॅनटी होड्यांच्या जवळ जाऊ लागते, आणि तिथेच तिला बोटीच्या पंख्याचं पातं लागतं.

तंबूत थंडी वाजेल का?

वाजेल. फ्लोरिडा म्हणून बेफिकीर येणारे लोक जानेवारीत रात्रभर गाडीत हीटर लावून बसलेले आम्ही पाहिले आहेत. मॅनटींसाठी चांगली रात्र म्हणजे आपल्यासाठी ३-४ अंशांची, कधी शून्याच्या आसपासची रात्र. थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते. हवा भरायच्या गादीपेक्षा फोमची जाड पट्टी बरी, वर शून्याखालच्या तापमानाची स्लीपिंग बॅग, कानटोपी, कोरडे मोजे. नदीकाठी दव इतकं पडतं की सकाळी तंबूच्या आतल्या बाजूनेही थेंब ओघळतात. वरची जाळी थोडी उघडी ठेवा.

जागेवर नळ आणि वीज असते, न्हाणीघरात गरम पाणी असतं. आई-वडील भारतातून आलेले असतील तर त्यांच्यासाठी पार्कमधलीच केबिन घ्या. स्वयंपाकघर आणि हीटर असतो. आपण बाजूला तंबूत राहायचं, संध्याकाळी सगळे एकाच शेकोटीपाशी.

बुकिंग कधी उघडतं?

फ्लोरिडाच्या रहिवाशांना ११ महिने आधी, बाहेरच्यांना १० महिने आधी. हा फरक २०२४ पासून आहे. जानेवारीतल्या मार्टिन ल्यूथर किंग दिनाच्या आणि फेब्रुवारीतल्या प्रेसिडेंट्स डेच्या सुट्ट्या पहिल्याच दिवशी भरतात. नाही मिळालं तर रद्द झालेल्या जागा निघण्याच्या आदल्या आठवड्यात बघत राहा. मधल्या वारी गेलात तर एवढी मारामारी नसते.

जेवणाचं काय?

दोन शेगड्यांचा कॅम्प स्टोव्ह आणि घरचा तीन लिटरचा कुकर. मुगाची खिचडी, मेतकूट, तूप, भाजलेला पापड यापलीकडे थंडीत काही लागत नाही. भाजणी कालवून थालीपीठं लावली की आजूबाजूच्या तंबूंतले लोक चौकशीला येतात. पहाटे निघायच्या दिवसासाठी दशम्या आणि लसणीची चटणी घरून. ब्लू स्प्रिंगला जायच्या सकाळी स्टोव्ह पेटवत बसलात तर फाटक बंद व्हायच्या आत पोचणार नाही. सिल्व्हर स्प्रिंग्जहून तासाभरापेक्षा जास्तच लागतो.

रात्री एक दाणाही बाहेर ठेवू नका. रकून डब्यांची झाकणं उघडतात आणि ओकालाच्या जंगलात काळी अस्वलं आहेत. सगळं गाडीत, काचा बंद. जळण लांबून आणू नका, लाकडातून किडी पसरतात. तिथलंच विकत घ्या.

त्यांच्या पाठीवर पांढरे चरे कसले?

बोटींच्या पंख्यांचे. एका ओळीत समांतर चार-पाच व्रण असतील तर पातं पाठीवरून फिरत गेलं असं समजा. पूर्ण वाढलेल्या मॅनटींपैकी असे व्रण नसलेली शोधावी लागते. संशोधक याच व्रणांवरून एकेकीला ओळखतात आणि वर्षानुवर्षं नोंद ठेवतात. मुलं हा प्रश्न विचारतातच. खरं ते सांगा. आम्ही मुलांना पायवाटेवर वही देतो. एक मॅनटी निवडायची आणि तिचे व्रण काढायचे. दुसऱ्या दिवशी तीच शोधताना दोन तास कसे जातात कळत नाही.

आपण गर्दी करून त्यांना त्रासच देतो ना? मग जावं का?

हा प्रश्न फार थोडे विचारतात, पण आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. झोपलेली मॅनटी माणसाच्या गडबडीने उठून गार नदीत निघून गेली तर तिची ऊब गेली. कडाक्याच्या दिवसांत ही गोष्ट जिवावर बेतू शकते. म्हणून आधी पायवाटेवरून बघा, मग कयाक आणि पाण्यात उतरणं सगळ्यात शेवटी, या क्रमाचा आम्ही आग्रह धरतो. खूप थंडीच्या दिवशी पाण्यात उतरायची परवानगी असली तरी आम्ही काठावरच राहतो.

खरं संकट पर्यटकांहून मोठं आहे. २०२१ मध्ये फ्लोरिडात ११०० च्या आसपास मॅनटी मेल्या, त्यातल्या खूपशा पूर्व किनाऱ्यावरच्या इंडियन रिव्हर खाडीत, उपासमारीने. खतं आणि सांडपाणी वाहून आल्याने शेवाळ माजलं, ऊन तळापर्यंत पोचेना, समुद्री गवत मेलं. पुढे दोन हिवाळे सरकारी तज्ज्ञांना त्यांना लेट्यूस खाऊ घालावं लागलं. २०१७ मध्ये त्यांचं नाव "संकटग्रस्त" यादीतून एक पायरी खाली, "धोक्यात" या गटात आणलं होतं. ते घाईचं होतं असं आम्हाला वाटतं. फ्लोरिडात घर असलेल्यांनी हिरवळीला खत कमी घाला. इथून सगळं पाणी शेवटी त्यांच्याकडेच जातं.

आपल्याकडे भारतात मॅनटी आहेत का?

मॅनटी नाहीत, तिचा भाऊबंद डुगाँग आहे. मन्नारचं आखात, पाल्कची सामुद्रधुनी, कच्छचं आखात आणि अंदमान-निकोबार इथे थोडे उरलेत. अंदमानचा तो राज्यप्राणी आहे. डुगाँग गोड्या पाण्यात येत नाही आणि त्याची शेपटी माशासारखी दुभागलेली असते, मॅनटीची गोल. २०२२ मध्ये तमिळनाडूने पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचं डुगाँग राखीव क्षेत्र जाहीर केलं, देशातलं पहिलं. कोकण-गोव्यात मात्र तो बघायला जाण्यासारखी जागा नाही.

जखमी किंवा आजारी मॅनटी दिसली तर?

स्वतः काही करू नका. पाण्यात ढकलू नका, दोरीत अडकली असेल तरी दोरी कापू नका. फ्लोरिडाच्या वन्यजीव आयोगाला १-८८८-४०४-३९२२ वर फोन करा आणि नेमकी जागा, ती श्वास किती वेळाने घेते आहे आणि एका बाजूला कलली आहे का, एवढं सांगा. त्यांची माणसं येईपर्यंत थांबता आलं तर दुरून लक्ष ठेवा, म्हणजे त्यांना ती लगेच दाखवता येईल. हा नंबर निघण्यापूर्वीच फोनमध्ये घालून ठेवा. नदीवर बऱ्याच ठिकाणी इंटरनेट मिळत नाही.